शोधा आणि बदला : एका आज्ञेची जुनी गोष्ट

जिंतूर तालुक्यातील काही शाळांच्या आवारात आमच्या गटाने पाऊस आणि तापमान यांची नोंद ठेवणारी छोटी यंत्रे बसवली होती. चारठाणा, बोरी, येलदरी अशा वेगवेगळ्या बाजूंच्या या शाळा. प्रत्येक यंत्राला एक छोटासा संगणक जोडलेला, आणि त्या संगणकात वीस-पंचवीस ओळींची एक फाइल. किती मिनिटांनी नोंद घ्यायची, ती कोणत्या मुख्य संगणकाकडे पाठवायची, शाळेचा क्रमांक कोणता, हे सारे त्या फाइलीत साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असते. अशा फाइलीला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आमच्या फाइलीतील दोन ओळी वाचकांच्या सोयीसाठी येथे देवनागरीत देतो :

नोंद_अंतर=१०
मुख्य_संगणक=१०.८.०.१

पहिल्या ओळीचा अर्थ, दर १० मिनिटांनी नोंद घ्या. दुसऱ्या ओळीत मुख्य संगणकाचा पत्ता आहे. एका सप्टेंबरमध्ये आम्ही ठरवले की १० ऐवजी १५ मिनिटांनी नोंद घेतली तरी चालेल. प्रत्येक शाळेत जाऊन फाइल दुरुस्त करण्याऐवजी एक आज्ञा लिहिली : ‘जेथे १० दिसेल तेथे १५ घाला’. रात्री ती सर्व संगणकांवर आपोआप पोचली आणि चालली.

पुढे काय झाले असेल, हे वाचकांनी क्षणभर थांबून सांगावे.

अंतर १५ झाले, पण पत्ताही १५.८.०.१ झाला. यंत्रे इमानेइतबारे पाऊस मोजत राहिली आणि अस्तित्वात नसलेल्या संगणकाकडे पाठवत राहिली. त्यांच्या स्मरणात जेमतेम दोन दिवसांच्या नोंदी मावत. आमच्या लक्षात आले तो पाचवा दिवस होता. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, आणि जोराचा पाऊस नेमका त्याच दिवसांत पडून गेला होता.

यात यंत्राचा दोष काही नव्हता. जे सांगितले ते त्याने तंतोतंत केले. मग सांगण्यात काय राहून गेले? हा प्रश्न संगणकाइतका नवा असेल, असे आम्हांला वाटत होते. शोध घेतल्यावर कळले की तो फार जुना आहे.

एका शब्दाच्या तीन वाटा

आधी संगणक बाजूला ठेवून एक सर्वांच्या माहितीतला बदल पाहू. १९९५ मध्ये मुंबईचे इंग्रजी नाव अधिकृतपणे ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले. पाठोपाठ १९९६ मध्ये विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही तो बदल झाला. उच्च न्यायालयाचे इंग्रजी नाव मात्र ‘बॉम्बे हायकोर्ट’च राहिले. कायद्यांच्या बाबतीत तिसरीच गोष्ट घडली. १९५१ च्या ‘बॉम्बे पोलीस अॅक्ट’मधले ‘बॉम्बे’ म्हणजे शहर नव्हे, तर जुने मुंबई राज्य. म्हणून २०१२ मध्ये अशा अनेक कायद्यांच्या नावांत ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ न येता ‘महाराष्ट्र’ आले.

शब्द एकच, पण एके ठिकाणी त्याचे ‘मुंबई’ झाले, दुसऱ्या ठिकाणी ‘महाराष्ट्र’ झाले आणि तिसऱ्या ठिकाणी तो जसाच्या तसा राहिला. एखाद्या कारकुनाला ‘सगळीकडे बॉम्बे खोडून मुंबई लिहा’ एवढेच सांगितले असते, तर निम्मे कागद चुकले असते. काय बदलायचे आणि त्याच्या जागी काय घालायचे, हे सांगणे सोपे आहे. कोठे बदलायचे, हे सांगणे अवघड.

वैयाकरणांचे प्रश्न

‘कोठे’ हे नेमके सांगण्याची पद्धत इसवी सनापूर्वी चार-पाच शतके पाणिनीने घालून दिली. त्याच्या ‘अष्टाध्यायी’त सुमारे ४,००० सूत्रे आहेत आणि त्यांतील पुष्कळशी ‘अमक्याच्या जागी तमके’ या स्वरूपाची आहेत. येथे पाणिनीने विभक्तींचा मोठा चतुर उपयोग केला आहे. जे काढायचे ते षष्ठीत, जे घालायचे ते प्रथमेत, ज्याच्या आधी बदल व्हायचा ते सप्तमीत आणि ज्याच्या नंतर व्हायचा ते पंचमीत. म्हणजे बदल आणि त्याची जागा, दोन्ही एकाच लहानशा वाक्यात बसतात.

शाळेतला संधीचा नियम आठवा. इति + आदि = इत्यादि. ‘इ’च्या जागी ‘य्’ आला. पण नियम ‘इ दिसला की य् करा’ असा नाही. पुढे स्वर असेल तरच तो लागतो. आता कवि + इंद्र घ्या. येथेही ‘इ’पुढे स्वर आहे, पण रूप होते ‘कवींद्र’. पुढचा स्वर सजातीय असेल तर दीर्घ होतो, हा वेगळा नियम येथे पहिल्याला अडवतो.

म्हणजे नियमाची जागा ठरवूनही काम संपत नाही. दोन नियम एकाच जागेवर हक्क सांगू लागले तर कोणाचे चालायचे? एका नियमाने केलेला बदल दुसऱ्याला दिसावा की न दिसावा? अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतील नियमांनी केलेले काम आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेलेच नाही असे मानावे, अशी व्यवस्था पाणिनीने करून ठेवली आहे. क्रम चुकला तर निकाल चुकतो, हे त्याला पक्के माहीत होते.

नियमांच्या या भांडणांचा निवाडा कसा करायचा, यावर पुढे स्वतंत्र ग्रंथ झाले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘परिभाषेन्दुशेखर’. त्याचा कर्ता नागेशभट्ट काळे घराण्यातला महाराष्ट्रीय पंडित. सतराव्या शतकाचा अखेरचा आणि अठराव्या शतकाचा बराचसा काळ तो काशीत वावरला. त्याने विशद केलेली बलाबलाची एक उतरंड प्रसिद्ध आहे. सूत्रपाठात आधी आलेल्या नियमापेक्षा नंतर आलेला बलवान. त्याहून नित्य, म्हणजे दुसरा नियम आधी लागला तरी ज्याची गरज उरतेच तो. त्याहून अंतरंग, म्हणजे ज्याचे निमित्त शब्दाच्या अधिक आतल्या भागात आहे तो. आणि सर्वांत बलवान अपवाद.

हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात इंग्रजी भाषांतरासह संपादित केला. तो ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ या मालेत निघाला. ग्रंथालयाच्या यादीत कोणी उत्साहाने ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ करून ठेवले असेल, तर नियमांच्या अपवादांवरचे हे पुस्तक शोधूनही सापडणार नाही!

तारांकित चिन्ह कोठून आले?

आता विसाव्या शतकात येऊ. १९४३ मध्ये वॉरन मॅककुलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशींचे एक गणिती प्रतिरूप मांडले. अशा पेशींचे जाळे कोणकोणत्या संकेतमालिका ओळखू शकेल, हा प्रश्न अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ च्या उन्हाळ्यात रँड कॉर्पोरेशन या संस्थेत हाती घेतला. त्यांचा लेख १९५६ मध्ये ग्रंथरूपाने सर्वांसमोर आला. उत्तर विलक्षण सोपे होते. एकापुढे एक ठेवणे, ‘हे किंवा ते’ म्हणणे आणि कितीही वेळा पुन्हा घेणे, या तीनच क्रियांनी जेवढे नमुने लिहिता येतात तेवढेच असे जाळे ओळखू शकते. अशा नमुन्यांना पुढे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हे नाव रूढ झाले. पुनरावृत्तीसाठी क्लीनींनी वापरलेले तारांकित चिन्ह (*) आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

जिंतूरचेच उदाहरण घेऊ. हे गावाचे नाव जिंतूर, जिंतुर, जिन्तूर आणि जिन्तुर असे चार प्रकारे लिहिलेले आढळते. चार वेळा शोधण्याऐवजी एकच नमुना पुरतो :

(जिं|जिन्)(तू|तु)र

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. पहिल्या कंसात दोन पर्याय, दुसऱ्यात दोन, म्हणून २ × २ = ४ रूपे. ‘जिंतुरात’ हा शब्दही यात सापडेल, कारण त्याचा आरंभ ‘जिंतुर’ असा आहे. पण कोणी ‘जिंतुर’ हे अशुद्ध समजून सरसकट ‘जिंतूर’ केले, तर ‘जिंतुरात’चे ‘जिंतूरात’ होईल. शुद्ध करायला जाऊन एक अशुद्ध रूप तयार होईल. मराठीत प्रत्यय लागताना उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो, हा आपला व्याकरणाचा नियम. नमुना लिहिणाऱ्याला तो ठाऊक हवा.

पाणिनीची सूत्रे आणि क्लीनींचे नमुने यांच्यामधला दुवा १९७२ मध्ये सी. डग्लस जॉन्सन यांनी दाखवला. उच्चारबदलाचे ‘या जागी हे, अमक्याच्या आधी, तमक्याच्या नंतर’ असे नियम क्लीनींच्या साध्या यंत्रांनी चालवता येतात. अट एवढीच, की नियमाने स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा काम करता कामा नये. ही अट ध्यानात ठेवा, कारण आमची दुसरी चूक तिच्याशीच संबंधित आहे.

कागदावर टंकणारे संगणक

गणितातला हा नमुना व्यवहारात आणला केन थॉम्प्सन यांनी. १९६८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संगणक नमुन्याच्या सर्व शक्यता एकाच वेळी बरोबर घेऊन मजकुरातून एकदाच पुढे जातो, मागे वळत नाही. थॉम्प्सन बेल प्रयोगशाळेत काम करत. तेथे १९६९ नंतर घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीसाठी त्यांनी ‘ईडी’ हा मजकूर-संपादक लिहिला. तेव्हा पडदा नव्हता. संगणकाचे उत्तर टेलिप्रिंटरच्या कागदावर टंकले जाई. सगळी फाइल दिसत नसल्याने एकेका ओळीवर काम करायची रीत पडली. ‘बदला’ ही आज्ञा ओळीतला पहिलाच आढळ बदलत असे. सर्व आढळ बदलायचे तर शेवटी ‘जी’ हे अक्षर जोडावे लागे. आजही अनेक साधनांत हा संकेत टिकून आहे, आणि ‘अर्धेच बदलले, अर्धे राहिले’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते.

टेलिप्रिंटरने आणखी एक वारसा ठेवला. ओळ संपली की मुद्रक डावीकडे आणण्याचा एक संकेत आणि कागद वर सरकवण्याचा दुसरा. युनिक्सने दुसराच तेवढा ठेवला. विंडोजमध्ये दोन्ही राहिले. म्हणून विंडोजवर तयार केलेली फाइल दुसरीकडे नेली की ओळीच्या टोकाला एक न दिसणारा संकेत शिल्लक राहतो. ‘ओळ १० ने संपते का?’ असे विचारले तर संगणक ‘नाही’ म्हणतो. आपल्याला पडद्यावर मात्र १० नेच संपलेली दिसते.

बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमॅहन यांना ‘फेडरॅलिस्ट पेपर्स’ या अमेरिकेच्या इतिहासातील ८५ निबंधांच्या लेखकत्वाचा अभ्यास करायचा होता. तो मजकूर ‘ईडी’च्या आवाक्याबाहेरचा होता. त्यासाठी थॉम्प्सन यांनी शोधण्याचे काम वेगळे काढून ‘ग्रेप’ हे साधन दिले, अशी हकीकत त्यांचे सहकारी ब्रायन कर्निहन यांनी सांगितली आहे. मॅकमॅहन यांनी स्वतः १९७३-७४ च्या सुमारास ‘सेड’ लिहिले. आज्ञा आधी लिहून ठेवायच्या, आणि मग मजकुराचा प्रवाह त्यांच्यातून सोडायचा. माणूस समोर नसताना मजकूर बदलण्याची सोय येथे झाली, आणि चूक होत असताना ‘थांब’ म्हणणाराही येथेच नाहीसा झाला.

भौतिकीचा अभ्यासक आणि आमची दुसरी चूक

युनिक्समध्ये बहुतेक सर्व मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते. संगणक पाच-दहा होते तोवर त्या हाताने दुरुस्त होत. शेकडो झाल्यावर ‘सेड’च्या आज्ञा आपोआप चालवणे सुरू झाले. १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस या सैद्धांतिक भौतिकीच्या अभ्यासकाने ‘सीएफएंजिन’ हे साधन लिहिले. त्यामागे एक वेगळा विचार होता. ‘हे करा, मग ते करा’ असे सांगण्याऐवजी शेवटी काय असले पाहिजे ते सांगा. संगणक तसा नसेल तर साधन त्याला तेथवर आणील, असेल तर काहीच करणार नाही. २००५ मधील ‘पपेट’ आणि २०१२ मधील ‘अॅन्सिबल’ ही साधने याच वाटेने गेली.

या गुणाला बीजगणितात एक नाव आहे, आयडेम्पोटन्स. ते बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये दिले. क्रिया एकदा केली काय आणि दहादा केली काय, निकाल तोच. दिव्याचे बटण ‘चालू’वर ठेवणे ही अशी क्रिया आहे. बटण ‘उलटे करणे’ ही नाही.

आमची दुसरी चूक येथे झाली. पत्ता दुरुस्त केल्यावर आम्ही नवी आज्ञा लिहिली. शोधायचे ‘अंतर=.*’, म्हणजे ‘अंतर=’ आणि त्यापुढचे काहीही; त्याच्या जागी घालायचे ‘नोंद_अंतर=१५’. आता आकडा एकटा नव्हता, पत्त्याला धक्का लागणार नव्हता. पण फाइलीत आधीच ‘नोंद_अंतर=१०’ असे होते. त्यातला ‘अंतर=१०’ एवढाच भाग बदलला आणि ओळ झाली :

नोंद_नोंद_अंतर=१५

आज्ञा रोज रात्री चालायची होती. दुसऱ्या रात्री तीन ‘नोंद_’ झाले, तिसऱ्या रात्री चार. हा शब्द यंत्राला कळेना, म्हणून ते मूळ सवयीप्रमाणे तासाला एकदा नोंद घेऊ लागले. नियम स्वतःच्याच निकालावर काम करत होता. जॉन्सन यांची अट आम्ही मोडली होती.

शेवटी टिकलेली आज्ञा अशी : शोधायचे ‘^नोंद_अंतर=.*$’, घालायचे ‘नोंद_अंतर=१५’. ^ म्हणजे ओळीचा आरंभ, $ म्हणजे शेवट. ही आज्ञा हजार वेळा चालवली तरी ओळ तीच राहते.

चूक शोधायची कशी?

अशा बदलात घोटाळा झाला की आम्ही आता स्वतःला पाच प्रश्न विचारतो.

पहिला : नमुना हवे तेवढेच पकडतो का? टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा होतो. ‘१०.८’ शोधले तर १०/८ ही तारीखही सापडते. टिंबच हवे असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते. तारांकित चिन्ह हावरट असते. ‘(जिंतूर) आणि (सेलू)’ या मजकुरात कंसातले काढायला सांगितले, तर ते पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत सगळेच ओढून घेते.

दुसरा : जागा सांगितली का? आधी काय, नंतर काय, ओळीच्या आरंभी की मध्ये?

तिसरा : नियमांचा क्रम काय? आधी ‘क’चा ‘ख’ आणि मग ‘ख’चा ‘ग’ केला, तर सगळ्यांचाच ‘ग’ होतो. क्रम उलटवला तर तसे होत नाही.

चौथा : हीच आज्ञा पुन्हा चालली तर काय होईल?

पाचवा : आपल्याला दिसते तेच संगणकाला दिसते का? ‘जिंतूर’ ही आपल्याला तीन अक्षरे, पण युनिकोडमध्ये ती ज, ि, ं, त, ू, र अशी सहा चिन्हे आहेत. पायथॉन भाषेच्या नेहमीच्या नमुना-साधनात वेलांटी-उकार हे शब्दाचा भाग धरले जात नाहीत. त्यामुळे ‘शब्द येथे संपला’ हा त्याचा अंदाज मराठीत भलत्याच जागी निघतो.

नमुना बरोबर असूनही अडचण येऊ शकते. २० जुलै २०१६ रोजी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागा काढून टाकण्याचा एक साधा नमुना त्याला कारण ठरला. एका मजकुरात सुमारे २०,००० रिकाम्या जागा सलग आल्या होत्या, पण त्या ओळीच्या टोकाला नव्हत्या. साधनाने पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत पाहिले, जमले नाही. दुसऱ्या जागेपासून पाहिले, पुन्हा जमले नाही. २०,००० + १९,९९९ + … + १ ही बेरीज विद्यार्थ्यांनी करून पाहावी. ती २० कोटींच्या थोडी वर जाते. थॉम्प्सन यांची मागे न वळणारी पद्धत त्या वेळी ४८ वर्षांची होती, पण त्या साधनात ती वापरलेली नव्हती.

वर्गात हा विषय संगणकाविना घेता येतो. फळ्यावर दहा ओळी लिहा. एका विद्यार्थ्याने ‘शोधा आणि बदला’ची आज्ञा कागदावर लिहावी, दुसऱ्याने स्वतःची अक्कल न चालवता ती पाळावी. निकाल बिघडला तर आज्ञा पाळणाऱ्याला न रागावता वरच्या पाच प्रश्नांपैकी कोणता विचारायचा राहिला, ते वर्गाने शोधावे. मग तीच आज्ञा दुसऱ्यांदा पाळायला लावावी. नागेशभट्टाला पडलेले प्रश्न आठवीच्या वर्गात अर्ध्या तासात उभे राहतात.

आमच्या बुडालेल्या नोंदींचे काय झाले? त्यांपैकी एका शाळेत यंत्र आले तरी साधे पर्जन्यमापक काढून टाकलेले नव्हते. तेथील मुली रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहीत. त्या तीन दिवसांचे आकडे वहीत होते. एका आकड्यावर काट मारून शेजारी दुसरा लिहिला होता, पण खोडलेला आकडाही वाचता येत होता. आमच्या आज्ञेने जुना मजकूर असा मागे ठेवला नव्हता. तेव्हापासून कोणतीही फाइल बदलण्याआधी आम्ही तिची प्रत ठेवतो. नवी आज्ञा आधी एकाच संगणकावर, तीही दोनदा, चालवून पाहतो. आणि वही अजून चालू आहे.